माझ्या नावची माफी

पोलिसांची जीप दारात थांबली तेव्हा आमचे हे आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी भरून ओसरीवर तयार बसले होते. पिशवीत टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या, एक जाडजूड पुस्तक आणि मी भाजून दिलेले धपाटे. मी पुढच्या खोलीत गिरणी झाडत होते. त्या दिवशी दुपारी पालकमंत्री गावात येणार होते, म्हणजे सकाळी आमच्याकडे जीप येणार हे ठरलेलंच होतं.

“आले बघ,” श्रीरंगराव म्हणाले आणि उठून आरशात एकदा भांग बघून आले.

“फोटोवाले कुठं आलेत अजून? बसा थोडं,” मी म्हटलं.

आमच्या ढवळपुरात ही रीतच पडून गेली होती. श्रीरंग कोष्टी, म्हणजे माझे यजमान, एक साप्ताहिक चालवायचे. त्याचं नाव सांगत नाही. नावात विस्तव होता एवढं पुरे. कुठलाही मंत्री यायचा असला की श्रीरंगराव त्याला काळं फडकं दाखवणार असं जाहीर करायचे. मग पोलीस त्यांना सकाळीच उचलायचे, ठाण्याच्या मागच्या खोलीत बसवायचे आणि मंत्र्याच्या गाड्या तालुक्याबाहेर पडल्या की सोडून द्यायचे. तिथं चहा मिळायचा, दुपारी मिसळ मिळायची, वाघमोडे हवालदारांबरोबर बुद्धिबळाचे डाव व्हायचे. जीप आमच्या दारातून लगेच निघायची नाही, कारण पेपरवाल्यांना यायला उशीर व्हायचा. ते आले की श्रीरंगराव जीपच्या पायरीवर उभं राहून मूठ वर करायचे आणि वाघमोडे त्यांच्या दंडाला हलकेच हात लावायचे. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर फोटो. सरकारं आली आणि गेली, पण हा कार्यक्रम चुकला नाही.

मी त्यांना चिडवायची, “लग्नात नटला नव्हता तेवढे अटकेला नटता.” ते हसायचे. माणूस खोटा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. यंत्रमागाच्या संपात त्यांच्या डोक्यात लाठी बसली होती, ती जखम मी माझ्या हातानं धुतलीय. पण त्याला खूप वर्षं झाली होती, आणि मधल्या काळात ठाणं त्यांच्यासाठी पाहुण्यांच्या घरासारखं झालं होतं.

वाघमोडे हवालदार ओसरीवर आले. मी चहा ठेवायला वळले, तर म्हणाले, “वैनी, च्या नको आज.”

“का हो? साखर सोडली काय?”

ते माझ्याकडे बघेनात. श्रीरंगरावांनी पिशवी खांद्याला लावली तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, “भाऊ, तुमी बसा. आज तुमच्यासाठी न्हाई आलो.”

“म्हणजे?”

“वैनींना न्यायचंय.”

त्यांच्यामागून एक शिपाई बाई पुढं आल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गंमत अशी, की मला आधी वाटलं, आज कुणाचं तरी दळण चुकलंय आणि ती भानगड ठाण्यात गेलीय. दुसरं काही डोक्यात येईना. “चला मावशी,” त्या म्हणाल्या, “पदर नीट घ्या.”

मी काय केलं होतं ते सांगते.

आठवडाभर आधी रेहाना मुलाणी माझ्या गिरणीत आली होती. रेहाना आमच्याच गावची, एसटीतून निवृत्त झालेल्या मुलाणी कंडक्टरांची थोरली. तिशीतली, एमए झालेली. जिल्ह्याच्या एका पेपरात तिनं काही वर्षं काढली, तिथं पटलं नाही म्हणून बाहेर पडली आणि मोबाईलवर स्वतःचं बातम्यांचं चॅनल काढलं. एक माईक, एक तिवई आणि एक जुनी स्कूटी, एवढंच तिचं ऑफिस. गावात काय चाललंय ते कळायला ती गिरणीत येऊन बसायची. दळणाला आलेल्या बाया काय बोलतात ते पेपरात येत नाही, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं.

त्या दिवशी तिनं माईक माझ्यापुढं धरला. “काकू, पुढच्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयाचं उद्घाटन आहे. काय वाटतं तुम्हाला?”

“कितवं?” मी विचारलं.

बाया हसल्या. मलाही मग जोर आला. माझ्या केसांत, भुवयांत पीठ होतं, त्या अवतारातच मी बोलले. “मागच्या निवडणुकीआधी झालंच की एक. पेढे खाल्लेत आम्ही त्याचे. फीत कापायला सगळे येतात, नाळ कापायला कुणी नाही. परवा आमच्या गल्लीतली पोरगी जिल्ह्याला नेताना जीपमध्ये बाळंत झाली. मंत्रीसाहेबांना म्हणावं, या वेळी कात्री राहू द्या, डॉक्टर घेऊन या.”

एवढंच. रेहानानं ते लावलं आणि ते कुठल्या कुठं गेलं. माझा भाऊ सुरतेला असतो, त्यानं तिथून फोन केला. गिरणीत येणारा प्रत्येक जण ‘कात्रीवाल्या वहिनी’ म्हणायला लागला. श्रीरंगरावांनीही कौतुक केलं, पण जरा कोरडंच. त्यांचे अग्रलेख सुरतेपर्यंत कधी गेले नव्हते.

आणि आता मी जीपमध्ये बसले होते. श्रीरंगराव पेपरवाल्यांना फोन लावत दारात उभे होते. कुणीच येत नव्हतं. एकाचा आवाज मला गाडीतून ऐकू आला, कारण यांच्या फोनचा स्पीकर सुरू राहिला होता. “भाऊ, आज नाही जमायचं. उद्घाटनाची पुरवणी आहे आमची. सगळी पानं बुक आहेत.”

जीप कुणासाठी थांबली नाही.

ठाण्यात निंबाळे म्हणून नवे साहेब आले होते. शांत माणूस, आवाज चढवायचा नाही. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मोबाईलवर माझाच व्हिडिओ मला दाखवला.

“हे तुम्हीच बोललात?”

“मीच की. दिसतंय ना.”

“बोलायला कुणी शिकवलं?”

“आईनं. दीड वर्षाची असताना.”

शिपाई बाई तोंड फिरवून हसल्या. साहेब हसले नाहीत. “बाई, मी तुम्हाला त्रास द्यायला बसलेलो नाही. तुम्ही गिरणी चालवता, घर बघता. फीत आणि नाळ, हे तुमचे शब्द नाहीत. हे पढवलेले शब्द आहेत. ती मुलाणी काय उद्योग करते, कुणासाठी करते, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही साध्या आहात, तुमचा वापर झालाय.”

मला आधी राग आला तो याचाच. मंत्र्याला बोलले याबद्दल शिक्षा दिली असती तर एक वेळ समजले असते, पण माझं वाक्य माझं नाही म्हणतात म्हणजे काय?

त्यांनी एक छापलेला कागद पुढं केला. “हा वाचा. मोबाईलसमोर उभं राहून, हात जोडून. पाच मिनिटांचं काम. मंत्रीसाहेब यायच्या आत तुम्ही घरी.”

मी वाचला. मी, मालन श्रीरंग कोष्टी, अल्पशिक्षित गृहिणी असून पत्रकार रेहाना मुलाणी यांनी मला फूस लावून शासनाविरुद्ध खोटी विधानं करायला भाग पाडलं. समाजाची शांतता बिघडवण्याचा त्यांचा हेतू माझ्या लक्षात आला नाही. मी सर्वांची जाहीर माफी मागते.

“यात माझी माफी कुठाय?” मी विचारलं. “ही तर तिच्याविरुद्धची तक्रार आहे.”

“तुमची माफी आहे. तिचं आम्ही बघू.”

“मला कुणी फूस लावली नाही. मी हे वाचणार नाही.”

“विचार करा,” साहेब म्हणाले आणि उठून बंदोबस्ताला गेले.

भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही.  त्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं, पण ती श्रीरंगरावांची मागची खोली नव्हती. तिथं बाक होतं, कोपऱ्यात घाण वास येणारं न्हाणीघर होतं आणि दाराला बाहेरून कडी होती. दुपारी बाहेर बँडचा आवाज आला, फटाके वाजले, कुणीतरी माईकवरून आरोग्याची गंगा दारोदारी पोचल्याचं सांगत होतं. दवाखाना ठाण्यामागेच आहे, त्यामुळं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मला लघवीला जायची लाज वाटत होती, कारण न्हाणीघराला दार नव्हतं. फीत कापली गेली तेव्हा मी ती लाज गिळत बसले होते.

वाघमोडे पाणी घेऊन आले. “वैनी, वाचून टाका वो. समदेच वाचत्यात आजकाल. मागच्या म्हैन्यात त्या पानपट्टीवाल्यानं वाचलं, कॉलेजच्या पोरानं वाचलं. चार दिस लोक बोलत्यात, मग इसरत्यात.”

“आणि रेहाना?”

ते पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

संध्याकाळी श्रीरंगरावांना आत सोडलं. त्यांना बघून मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. वाटलं, आता हे भांडतील. कलमं यांना तोंडपाठ आहेत, साहेबाची भंबेरी उडवतील. ते माझ्याशेजारी बाकावर बसले आणि त्यांनी खिशातून तोच कागद काढला.

“मालन, एवढं वाच.”

“तुम्ही वाचलाय का तो आधी?”

“वाचलाय. भाषा वाईट आहे. पण त्याला अर्थ नसतो गं. जबरदस्तीनं घेतलेली माफी कायद्यात टिकत नाही.”

“कायद्यात टिकत नाही, पण रेहानाला आत घालायला चालते ना?”

“ती पत्रकार आहे. तिला हे नवीन नाही. तिच्यामागं संघटना उभ्या राहतील, वकील येतील. तुझ्यामागं कोण आहे?”

“मला वाटलं होतं, तुम्ही आहात.”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “हा साहेब वेगळा आहे. आधीच्यांसारखा नाही. हा ऐकत नाही. मी त्याला म्हटलं, मला आत घ्या हिच्याऐवजी. तर म्हणाला, कोष्टी, तुम्हाला घेऊन आम्हाला काय मिळणार?” हे सांगताना त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही मला राग आला.

“मी वाचणार नाही,” मी म्हटलं. “उद्या रेहानाची आई दळणाला आली तर मी तिच्या तोंडाकडं कशी बघू?”

“आणि तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?”

 वेळ संपली म्हणून शिपाई बाईंनी त्यांना बाहेर नेलं. धपाट्यांची पुरचुंडी ते बाकावर ठेवून गेले. ते मीच त्यांच्यासाठी भाजले होते, आणि मीच खाल्ले.

ती रात्र तिथंच गेली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, “जा घरी.”

“कागद?”

“गरज नाही आता.”

मला वाटलं, मी जिंकले. खरंच वाटलं. ठाण्यातून घरापर्यंत मी ताठ मानेनं चालत आले. रस्त्यावर हार-फुलं तुडवलेली पडली होती, मंत्र्यांच्या कमानी सोडवायचं काम चाललं होतं, आणि मी मनात म्हणत होते, बघा, नाही म्हटलं की सोडावं लागतं. लोक माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

गिरणीच्या पायरीवर शेजारच्या सुंदराबाई डबा घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या आणि म्हणाल्या, “सुटलीस बाई. बरं झालं. भावजींनी शानपणा केला.”

“कसला शहाणपणा?”

त्या गोंधळल्या. मग त्यांनी पदराखालून मोबाईल काढला.

आमचीच ओसरी होती. मागं माझ्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. श्रीरंगराव इस्त्रीच्या सदऱ्यात उभे होते आणि त्यांनी हात जोडले होते. “मी, श्रीरंग कोष्टी, माझी पत्नी मालन हिच्या वतीनं जाहीर माफी मागतो. ती अल्पशिक्षित, भोळी बाई असून पत्रकार रेहाना मुलाणी यांनी तिला फूस लावून...” आवाज त्यांचाच, सभेतला, खणखणीत. पुढचं मी ऐकलं नाही. मॅट्रिकला मला त्यांच्यापेक्षा जास्त मार्क होते आणि त्यांच्या साप्ताहिकाची प्रुफं इतकी वर्षं मी तपासली होती. अल्पशिक्षित.

ते आत कॉटवर बसले होते. मी दारात उभी राहिले. आमच्यात भांडणं पुष्कळ व्हायची, पण त्या दिवशी माझा आवाज चढलाच नाही.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“साहेबानं विचारलं. मी म्हटलं, माझ्या नावानं माफी मागतो. तो म्हणाला, तुमच्या नको, तिच्या नावानं मागा.” ते जमिनीकडं बघत होते. “मला वाटलं, तू घाबरली असशील.”

“घाबरलेच होते. तरी नाही म्हटलं होतं मी.”

“मालन, काल मी या घरात एकटा बसलो होतो. तू आत, आणि मी इथं. इतक्या वेळा ठाण्यात जाऊन आलो, पण तिथं जाण्याची भीती काय असते ते मला काल कळलं. मला दुसरं काही सुचेना.”

ते रडत होते. माझा नवरा मी त्याआधी फक्त सासूबाई गेल्या तेव्हा रडताना पाहिला होता. मी त्यांना जवळ घ्यायला हवं होतं की तिथून निघून जायला हवं होतं, मला ठरवता येईना. तेवढ्यात सुंदराबाई बाहेरून म्हणाल्या, “अगं मालन, मुलाण्याच्या पोरीला नेली बघ. आत्ताच जीप गेली.”

मी चप्पल घालून तशीच परत ठाण्यावर गेले. निंबाळे साहेब पेपर वाचत होते. पुरवणीत मंत्र्यांचा पानभर फोटो होता आणि आतल्या पानावर माझे यजमान हात जोडून. एवढा मोठा फोटो त्यांचा कधी आला नव्हता.

“ती माफी माझी नाही,” मी म्हटलं. “मी बोलले ते माझं मी बोलले. त्या पोरीला सोडा आणि मला घ्या.”

“बाई, घरच्या कर्त्या माणसानं माफी मागितलीय.”

“गिरणी मी चालवते.”

“जा घरी,” ते म्हणाले. त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी रेहानाला तालुक्याच्या कोर्टात उभी करणार होते. तिचं वकीलपत्र पोळ वकिलांनी घेतलं होतं. एकाही संघटनेचा माणूस आला नव्हता. मी सकाळीच पोळ वकिलांना गाठलं. त्या म्हणाल्या, “मालनताई, कोर्टात हे सांगायचं म्हणजे यजमानांच्या विरोधात सांगायचं. तेही तिथं असतील. झेपेल?” मी म्हटलं, न झेपून कसं चालेल.

कोर्ट गच्च भरलं होतं. परवा ज्यांना यायला वेळ नव्हता ते सगळे पेपरवाले आले होते. रेहाना पिंजऱ्याशेजारी उभी होती. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली, ओठ सुकलेले. तिचे अब्बा दाराशी उभे होते, कंडक्टरसारखेच, एका हातानं वर काहीतरी धरल्यासारखे. सरकारी वकील म्हणाले, अफवा पसरवणं आणि दोन समाजांत तेढ निर्माण करणं. दवाखान्यात डॉक्टर नाही यात दोन समाज कुठून आले ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. पुरावा म्हणून त्यांनी श्रीरंगरावांची माफी दाखवली.

पोळ वकील उठल्या. “ज्यांच्या नावानं ही माफी आहे त्या बाई इथं हजर आहेत. त्यांचं प्रतिज्ञापत्र दिलंय. न्यायालयानं त्यांनाच विचारावं.”

न्यायाधीश तरुण बाई होत्या, चष्म्यातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुढं बोलावलं.

“त्या व्हिडिओतले शब्द कुणाचे?”

“माझे.”

“तुम्हाला कुणी सांगितले?”

“कुणी नाही. ज्या पोरीचं बाळंतपण जीपमध्ये झालं, तिच्या आईचं जोंधळ्याचं दळण त्या वेळी माझ्या गिरणीत होतं. तिच्यासमोर बोलले मी.”

“पण तुमचे यजमान वेगळं सांगतात.”

मी मागं वळले. श्रीरंगराव शेवटच्या बाकावर बसले होते. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. ते आले होते. घरातलं घराबाहेर कधी काढायचं नाही, असं मी माझ्या आईकडून शिकले होते आणि ते पाळलंही होतं. त्यांच्या साप्ताहिकाला वाचक किती आहेत हेसुद्धा मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

“ते खोटं बोलतायत, असं तुमचं म्हणणं आहे का?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “माझे यजमान खोटं बोललेत. घाबरून बोललेत, पण खोटंच आहे ते.”

मागं कुजबुज झाली. ते उठून गेले नाहीत, एवढं मात्र मी आजही त्यांच्या बाजूनं सांगते. मान खाली घालून शेवटपर्यंत बसून राहिले.

पोलिसांनी मागितलेली कोठडी कोर्टानं दिली नाही, पण सोडलंही नाही. रेहानाला जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवलं आणि जामिनाला पुढं दीड महिना लागला. माझं बोलणं कुठल्याच पेपरात आलं नाही. श्रीरंगरावांनी साप्ताहिक बंद केलं. कारण विचारलं तर कागद महाग झालाय म्हणायचे. आम्ही एकाच घरात राहिलो, एकाच ताटलीतली भाजी वाढून घेत राहिलो. बोलायलाही लागलो पुढं. पण काही बोलायचं असलं की ते आधी माझ्याकडं बघायचे, विचारल्यासारखं. ते गेले तोपर्यंत बघत होते. दवाखान्याचं मधे तिसरं उद्घाटनही झालं. आता तिथं एक डॉक्टर असतो, सोमवार आणि गुरुवार.

या सगळ्या वर्षांत मला एका गोष्टीचा आधार होता, की मी नाही म्हटलं होतं. वाईट दिवसांत मी ते आठवायची आणि मला बरं वाटायचं. पण त्या आधारालाही एक चीर आहे, आणि ती पहिल्यापासूनच आहे.

जामीन झाल्यावर काही दिवसांनी रेहाना गिरणीत आली. दुपार होती, दळणं संपली होती. ती खूप वाळली होती. चॅनल बंद केलं, म्हणाली. मिरजेला मामाकडं जातेय, तिथं एका शाळेत बघते. मी तिला पाणी दिलं, गूळ दिला. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “काकू, तुमचे उपकार आहेत.”

“कसले गं उपकार? दीड महिना काढलास तू तिथं.”

“तुम्ही कोर्टात बोललात. आमच्या बाजूनं त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नाही.”

मला भरून आलं. आणि थोडा अभिमानही वाटला, तो लपवत नाही. “तो कागद त्यांनी माझ्यापुढं किती वेळा धरला,” मी म्हटलं. “मी काही वाचला नाही. तुझ्यापुढंही धरला असेल ना? तूही नाहीच म्हणाली असशील.”

रेहाना गुळाचा खडा हातात घेऊन बसली. खाल्ला नाही.

“नाही काकू. माझ्यापुढं कुणी नाही धरला.”

“म्हणजे?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टात न्यायच्या आधी, मीच मागितला. अम्मीला दम्याचा झटका आला म्हणून कळलं होतं. मी साहेबांना म्हटलं, साहेब, मालनकाकूंना दिला तसा कागद मलाही द्या. तुम्ही लिहाल ते वाचते, हात जोडते, पाया पडते, हवं तर चौकात उभी राहून वाचते.”

ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, बातमी सांगावी तसं.

“मग?”

“ते म्हणाले, तुझी माफी घेऊन आम्ही काय करू?”